तिसऱ्या दिवसाची परीक्षा

३ फेब्रुवारी

ताई,

आणि बाबांना हेही सांग, की मी त्यांना खोकं बांधायला सांगत नाहीये, खोली बांधायला सांगतोय. मागच्या वेळी मी चार पानं खरडली, हात दुखला माझा. त्यावर त्यांनी तुझ्याकडून काय लिहून घेतलं? एक ओळ. "आम्ही घरं बांधतो, टीव्हीची खोकी भरत नाही." हे काय उत्तर झालं? आणि तू तशीच्या तशी लिहून पाठवलीस, वर हसतेस. मला इथपर्यंत ऐकू आलं हसणं.

फोनवर बोललं की दुसऱ्या मिनिटाला आमची दोघांची भांडणं, म्हणून तूच म्हणालीस, पत्र लिही, कागदावर कुणाला ओरडता येत नाही. येतं. वाच मोठ्यानं.

पुन्हा पहिल्यापासून सांगतो, शेवटचं. तू सासरहून घरी आलीस तेव्हा बाबा म्हणाले, माझ्या घराला तिसरी खोली नाही. तू स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय घालून झोपतेस त्याला आता पाच महिने झाले. मी म्हटलं, वर बांधू. बाबा गवंडी, मी ठोकळ्यांच्या कारखान्यात, आपण नाही बांधायची तर कुणी? मग तो नकाशेवाला माणूस येऊन खालच्या भिंतींना टिचक्या मारून काय म्हणाला? मातीतलं जुनं बांधकाम आहे, वर विटा चढवाल तर खालचं बसेल. हलकं काही असेल तर बांधा. हे बाबांच्या समोर म्हणाला, बाबांनी त्याला खुर्चीही दिली होती. तरी हे अजून विटांचे भाव विचारत फिरतात!

तर हलकं म्हणजे काय ते ऐक. थर्माकोल फोडून साबुदाण्याएवढे दाणे करायचे. भंगारवाल्याकडे पोत्यांनी पडलंय, तो फुकट देईल, त्याला जागा मोकळी झालेली हवी आहे. दाणे आधी सिमेंटच्या पाण्यात घोळवायचे, नाहीतर वर तरंगतात. याने ठोकळा हलका होतो, पण पोचट होतो. म्हणून दुसरा कचरा. आपल्या चौकातला आरसेवाला काचेच्या कडा घासतो ना, मशीनवर पाणी सोडून? त्याच्या टाकीत खाली पांढरा गाळ बसतो, तो गटारात ओततो. तो आण. उन्हात वाळव, कूट, पिठाच्या चाळणीतून चाळ (घरातली नको, दुसरी घे, आई मारेल). पाच टोपल्या सिमेंट लागत असेल तिथे चार घ्यायचं आणि पाचवी टोपली या काचेच्या पिठाची. बास. याने ठोकळा घट्ट होतो. इथे आम्ही रोज तीन हजार ओततो. मिश्रण माझ्या हाताखालून जातं, मी काही ऐकीव सांगत नाही.

सिमेंटचं मी बघतो. बाबांना म्हणावं, एवढं एकदा ऐका.

भिंगरी

*

१८ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

ऐकलं. म्हणजे ऐकलं असं ते म्हणत नाहीत, ते म्हणतात, "पोरगी रोज पुढ्यात येऊन उभी राहते, कंटाळून करतोय." पण साचे त्यांनी स्वतः बनवले, जुन्या कपाटाच्या फळ्या कापून, आणि सगळे काटकोनात. चुकीचा साचा त्यांच्याकडून होतच नाही, रागातसुद्धा.

थर्माकोल आम्ही तिघांनी फोडलं. तुझ्या पत्रात हे नव्हतं की ते चिकटतं. भांड्यांना, केसांना, आईच्या चष्म्याला. बाबांच्या मिशीत अकरा दाणे होते, मी मोजले. त्यांनी फुंकर मारली तर बारा झाले. गल्लीतली माणसं उगीच उभी राहून बघत होती. एकाने विचारलं, "मिस्त्री, पॅकिंगचं काम धरलंत का?" बाबा दोन दिवस गल्लीच्या बाजूला फिरकले नाहीत.

आरसेवाल्याला गाळ मागितला तर तो आधी घाबरला. त्याला वाटलं, तक्रार आहे. मग म्हणाला, सगळा न्या, पण टाकी धुऊन द्या. धुतली. गाळ वाळला की त्याची वडी होते, हातात घेतली तर पिठासारखी विरते. मला ते कुटायला आवडलं. बांधणीच्या दुकानात दिवसभर वह्या शिवते, इथे निदान काही तरी फोडायला मिळतं.

काल सुरुवात केली. रोज पस्तीस छत्तीस होतील. बाबा पाणी मारतात, गोणपाट टाकतात, ते सगळं त्यांना तू शिकवायला नको. एक ठोकळा मी एकटीने उचलला. मी उचलला हे पाहून बाबांचं तोंड उतरलं. ते म्हणाले, "ज्याला उचलायला दोन माणसं लागत नाहीत, तो ठोकळा नाही, उशी आहे."

बाकी विशेष काही नाही. एक पाहुणे येऊन गेले, चहा घेतला, गेले. आईचा गुडघा बरा आहे.

तुझी ताई

*

१ मार्च

ताई,

पाहुणे कोण?

चार ओळींत मिशीतले दाणे मोजून सांगतेस आणि पाहुण्याला नाव नाही, नातं नाही. चहा घेतला आणि गेले म्हणजे काय? आपल्याकडे चहा घेऊन लगेच जाणारा माणूस एकच, तुझा दीर. तो बसत नाही कारण त्याला पँटची घडी मोडायची नसते. तोच ना? लिही.

इथे माझं डोकं उठलंय. माझ्या खोलीत आम्ही सहा जण, त्यातले दोघे घोरतात आणि एक जण पाढे म्हणतो, झोपेत. मुकादम म्हणतो, तू एका जागी ठरत नाहीस, तुला चाकं लावू का. मी म्हटलं लावा, पगार वाढवा आणि लावा. लॅबमध्ये एक बाई आहे, क्यूब फोडते. क्यूब म्हणजे प्रत्येक दिवसाच्या मालातून वीतभर चौकोनी ठोकळे काढतात, ते तिच्या प्रेसमध्ये दाबून फोडायचे आणि किती दाबावर फुटला तो आकडा लिहायचा. आम्ही तिला आकडेबाई म्हणतो. तिला कुणी हसलेलं पाहिलेलं नाही. तिचा हौद भरून क्यूब पडलेत, त्यावर महिन्याभरापूर्वीच्या तारखा. एवढी आळशी बाई. मी इतकं काम साठवलं तर मला हाकलतील.

सिमेंटचे पैसे पाठवले ते मिळाले का? बाबांनी ते विटांत घातले नाहीत ना? ठोकळे किती झाले? मोघम लिहू नकोस. आणि पाहुणे.

भिंगरी

*

१२ मार्च

भिंगरी,

सगळं एकदम लिहिते, मध्येच कागद भिरकावू नकोस.

ठोकळे दोनशे छप्पन्न झाले. आता एकही नाही.

बाबांची रीत तुला माहीत आहे. तू लहानपणी पळून जायचास म्हणून कदाचित माहीत नसेल. कुठलंही काम असो, ते पहिल्या खेपेचा ठोकळा तपासत नाहीत. म्हणतात, पहिल्या दिवशी माणूस सांभाळून कालवतो, शेवटी कंटाळतो, म्हणून शेवटच्या खेपेचा शेवटचा घ्यायचा. तो तिसऱ्या दिवशी खांद्यापर्यंत उचलायचा आणि कडक जमिनीवर सोडायचा. टिकला तर काम पुढे. चाळीस वर्षं ते हेच करतात. आईला पाहायला गेले होते तेव्हासुद्धा म्हणे तिच्या घरच्या कुंपणाचा एक ठोकळा उचलून पाहिला होता.

तर त्यांनी सोडला. त्याचे चार तुकडे झाले, आणि आतून दाणे पसरले. त्यांनी दुसरा सोडला. तिसरा सोडला. तिसरा हातातच कोपऱ्यात तुटला. मी म्हटलं, बाबा, थांबा, मी त्याला विचारते. ते म्हणाले, "त्याला काय विचारतेस, मी जमिनीला विचारलं." मग ढकलगाडी आणली आणि सगळे ठोकळे मागच्या चरात नेऊन ओतले, मी धुणं धुते त्या दगडाच्या खाली. दुपारभर तेच केलं. मी एकालाही हात लावला नाही आणि त्यांनी मला लाव म्हटलं नाही.

काल विटा आल्या. उधारीवर.

आता पाहुणे. हो, तेच. तू बरोबर ओळखलंस, पँटच्या घडीसकट. त्यांनी बाबांना सांगितलं, "सून किती दिवस ओट्याखाली झोपवणार? लोक आम्हाला विचारतात. तुमच्याकडे जागा असेल तर प्रश्न नाही. नसेल तर वीस एप्रिलला आम्ही घ्यायला येतो." बाबा म्हणाले, "या." एवढंच. मी दाराआडून ऐकलं.

तुला आधी लिहिलं नाही कारण तू नोकरी सोडून गाडीत बसला असतास. अजूनही बसू नकोस.

ताई

*

२२ मार्च

ताई,

मी गाडीत बसलो नाही. मुकादमाने रजा दिली नाही म्हणून, माझ्या शहाणपणाने नाही.

आता मी सांगतो तुला काय झालंय ते, कारण तू दाराआडून अर्धंच ऐकतेस. बाबांना ती खोली व्हायलाच नकोय. हे मला आत्ता कळलं. "या" म्हणाले ना? दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, येऊ नका. तीन दिवसांच्या ठोकळ्याला खांद्यावरून आपटायचं, फुटला की हात झटकायचे, आणि वीस तारखेला म्हणायचं, बघा, प्रयत्न केला, जागा नाही, घेऊन जा. वर उधारीच्या विटा. नकाशेवाल्याने नाही म्हटलंय त्या विटा! खालची भिंत बसली की मग तर बरंच झालं, सगळेच ओट्याखाली झोपा. त्यांना मुलीपेक्षा आपली चाळीस वर्षं जड. ज्या माणसाला दोनशे छप्पन्न ठोकळे एका दुपारी फेकता येतात त्याला एक मुलगी परत पाठवायला काय लागतं?

तू का आलीस ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. मला गरजही नाही. तू आलीस म्हणजे कारण असणार. त्यांना का पुरत नाही एवढं?

आणि आपला माल वाईट नाही. इथे याच मालाच्या तीन मजली इमारती उभ्या आहेत.

२४ मार्च

वरचं फाडणार होतो. फाडत नाही. लिहिलंय ते लिहिलंय, आणि माझ्याकडे कागद चारच उरलेत.

काल सुट्टीनंतर आकडेबाईकडे गेलो. तिला म्हटलं, काचेचा ठोकळा तिसऱ्या दिवशी खांद्यावरून सोडला तर काय होईल? ती म्हणाली, "फुटेल. सोडतो कोण?" मी म्हटलं, माझे वडील. ती म्हणाली, "साध्या सिमेंटचे असते तर बरोबर आहे त्यांचं. काच घातल्यावर तिसऱ्या दिवसाला अर्थ नाही. तुम्ही किती दिवस थांबायला सांगितलंत?"

ते मी लिहिलंच नव्हतं.

तिने वही काढून दाखवली. सात दिवसांचा साधा क्यूब, आकडा सहा. सात दिवसांचा काचेचा, चार. म्हणजे आधी आपलाच कच्चा असतो! अठ्ठावीस दिवसांचा साधा आठ, काचेचा नऊ. छप्पन्न दिवसांचा काचेचा अकरा. हौदात महिनाभर जे पडलेत ते काम साठलेलं नाही, ते पिकायला ठेवलेत पाण्यात. मी रोज त्या हौदाजवळून जातो. रोज त्या बाईला मनात आळशी म्हणतो.

ताई, मिश्रण मी ठरवत नाही. मी गाळ वाळवतो. टँकर येतो, आम्ही तो फरशीवर पसरतो, फावड्याने उलटा करतो, कुटतो, पोत्यात भरतो. पोतं किती वजनाचं आणि एका घाण्याला किती पोती लागतात ते मला माहीत. पुढचं मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. मला वाटलं, आपल्याला सगळं समजलं. ओतलं, वाळलं, झालं. माझं सातवीतही असंच व्हायचं, पहिलं पान वाचून मी पुस्तक मिटायचो.

तर बाबांना हे सांग, वरचं नको सांगू. त्या चरातले जे धड असतील ते फोडू नका, ओले ठेवा, थांबा. माझी चूक आहे. हे मोठ्या अक्षरात लिहीत नाही, त्यांना चष्म्याशिवाय दिसलं नाही तर बरं.

भिंगरी

*

३ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा ताई दुकानात होती. मी वाचलं. तू तिला सांगितलंस की वरचं सांगू नको, ते वरचंच आधी वाचलं. पाकिटावर माझ्याच घराचा पत्ता होता.

मुलीला परत पाठवायची असती तर ठोकळा आपटला कशाला असता? लावला असता तसाच भिंतीत. जो ठोकळा माझ्या पायाशी फुटतो तो मी मुलीच्या उशाशी लावत नाही. वीस तारखेला "या" म्हणालो, कारण माणूस दारात असताना येऊ नका म्हणायला मला आलं नाही. तुला आलं असतं. असो.

विटांचे चार थर लावले होते. पाचव्याला खालच्या भिंतीत केस गेला, बारीक चीर. आतून, कपाटाच्या मागे. नख लावून पाहिलं, नख गेलं. त्याच दिवशी विटा उतरवल्या आणि परत दिल्या. त्याने गाडीभाडं कापलं. ताईला सांगितलंय की पाठ धरली म्हणून काम थांबवलं. तूही तेच सांग.

परवा त्या चरात गेलो. म्हटलं, तुझे ठोकळे फोडून निदान भराव तरी करू. हातोडा घातला. परत आला. मला वाटलं दांडा सैल झालाय, दांडा ठोकून घेतला. पुन्हा घातला, पुन्हा परत आला. पंधराव्याला एक कोपरा गेला. आत पाहिलं, दाणे पक्के धरून बसलेले, एक सुटला नाही. सगळे ओले, शेवाळ धरलेलं. तुझ्या बहिणीच्या धुण्याचं पाणी रोज त्यांच्यावरून जातं. मी मारत होतो त्यापेक्षा जास्त.

एक उचलून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला. नेहमीच्या ठोकळ्याच्या निम्मा भरला. भंगारवाला म्हणाला, काटा बरोबर आहे, मिस्त्री. मी म्हटलं, मी काही बोललो का?

तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं.

दोनशे अकरा साबूत आहेत. बाकीचे मी ओतताना फुटले, ते तुझ्याकडे धरू नकोस. तीन भिंतींना होतात. कालपासून चढवतोय, ताई हाताशी आहे. चौथीचे सहा तारखेपासून ओतू. आरसेवाल्याला सांगितलंय.

त्या बाईंना एक विचार. काच इतके दिवस आत करते काय?

बाबा

*

१४ एप्रिल

बाबा,

तुम्ही दुसऱ्याची पत्रं वाचता. यावर मी काहीच बोलत नाही, कारण जे लिहिलं होतं त्याबद्दल मला तुमच्यासमोर उभं राहून बोलता येणार नाही आणि सुदैवाने मी समोर नाही.

विचारलं बाईंना. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नाही, इथे सगळे "कधी होईल" एवढंच विचारतात. त्यांनी सांगितलं ते असं. सिमेंट जमतं तेव्हा त्यातून चुना सुटतो आणि नुसता पडून राहतो. काच पिठासारखी बारीक असेल तर ती त्या चुन्याला धरते, आणि दोघांचं मिळून डिंकासारखं काही तरी होतं, ते आतल्या बारीक भोकांत जाऊन बसतं. पण हळूहळू होतं आणि पाणी असेल तरच होतं. पाणी तुटलं की थांबलं. जाड काच घातली तर उलटं होतं, ठोकळा आतून तडकतो. म्हणून चाळणी. त्यांनी हेही विचारलं, की तिसऱ्या दिवशी खांद्यावरून आपटणारा माणूस इथे कामाला येईल का, कारण आमचा मुकादम काहीच आपटून बघत नाही. मी म्हटलं, ते कुणाचं ऐकत नाहीत. त्या म्हणाल्या, मग बरंच.

आता माझा प्रश्न. सहा तारखेला ओतलेले वीस तारखेला चौदा दिवसांचे होतील. ते लावायचे नाहीत! घाई करून लावाल आणि मला लिहाल की लावले, असं नको. पण मग वीसला तीनच भिंती असणार. तिकडून दोघे येणार, पँटची घडी सांभाळत, आणि एका बाजूने सगळी गल्ली दिसणार. ताडपत्री लावा, पत्रा लावा, पण काही तरी करा. आणि कपाटाच्या मागचा केस भरा. ताईला सांगितलेलं नाही, पण तिला कळलेलं आहे, पैज लावतो.

आणि रजा मागितली होती. मुकादम म्हणाला, पुन्हा मागितलीस तर कायमची देतो.

भिंगरी

*

२६ एप्रिल

भिंगरी,

कळलेलं होतं. कपाट मीच झाडते.

वीस तारीख ऐक. ते दोघे आले, तुझे भाऊजी आणि दीर. आईने चहा ठेवला. बाबा म्हणाले, "चहा वर घेऊ." जिना अजून नाही, शिडी आहे. दीर म्हणाले, इथेच बसू की. बाबा म्हणाले, "जागा बघायला आलात ना? जागा वर आहे." आणि स्वतः आधी चढले, हातात किटली घेऊन. मग त्यांना चढावंच लागलं. घडी गेली, रे. गुडघ्याला चुना लागला.

वर तीन भिंती, डोक्यावर पत्रा, आणि चौथीकडे काही नाही. ताडपत्री बाबांनी मुद्दाम काढून ठेवली होती. मी म्हटलं होतं, लावा. ते म्हणाले, "लपवायचं काय आहे?"

दीर सगळीकडे बघून म्हणाले, "ही खोली?"

बाबा म्हणाले, "मोजा. तीन झाल्या. चौथी खाली पाण्यात आहे. चौदा दिवस झाले, चौदा राहिले."

"म्हणजे अजून झालेली नाही."

"होतेय. लवकर झालेलं मी फेकून दिलं होतं."

दिरांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. "थर्माकोल ना हे? गल्लीत सांगत होते. फुंकर मारली तर जाईल."

बाबांनी कोपऱ्यातला हातोडा त्यांच्या हातात दिला. "फुंकर नको, हे घ्या." ते हसले, नको म्हणाले. बाबा हसले नाहीत, हात पुढेच. मग त्यांनी एक मारला, जरा हळू. मग एक जरा जोरात. मग हातोडा खाली ठेवून मनगट चोळत बसले. भिंतीवर रुपयाएवढी खूणसुद्धा नाही, नुसता पांढरा डाग. खाली गल्लीत कुणी तरी म्हणालं, "मिस्त्री, पॅकिंग पक्कं झालं!"

मग भाऊजी उठले. ते मला म्हणाले, "चल, उगाच तमाशा नको."

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते बोलतील. ते किटली घेऊन कपात चहा ओतत बसले. म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस, खोली तुझी आहे."

मी म्हटलं, "मला नाही येता येणार. दुपारी ठोकळ्यांवर पाणी मारायचंय. चुकवलेलं चालत नाही."

बास, एवढंच. आठ महिने मी मनात केवढी भाषणं तयार केली होती, त्यातलं एक वाक्य आलं नाही. ते शिडीवरून उतरले. उतरताना दोघांनाही आई खालून सांगत होती, सांभाळून, तिसरी पायरी हलते.

चौथी भिंत मेच्या चार तारखेनंतर चढेल. बाबांकडे दोन माणसं येऊन गेली, त्यांना मागच्या अंगणात हलकी खोली हवी आहे. बाबांनी त्यांना सांगितलं, अठ्ठावीस दिवस थांबणार असाल तर बोला. एक गेला, एक थांबला.

एक मागायचं होतं. चौथ्या भिंतीत दार येणार. बाबा म्हणतात, अडगळीतलं जुनं दार आहे, ते बसवू. त्याला कडी बाहेरून आहे. मला आतून हवी. तू कधी विचारलं नाहीस म्हणून सांगते. सासरी कडी आतूनच होती, पण मी बहुतेक वेळा बाहेर असायचे, जिन्यात. कधी संध्याकाळी, कधी जेवणाच्या वेळी, तुझ्या भाऊजींचं दार उघडायचं मन होईपर्यंत. शेजारच्या बाई माझ्यासाठी एक स्टूल तिथेच ठेवायला लागल्या होत्या. ज्या दिवशी मी ते स्टूल पुसलं, आपलंच असल्यासारखं, त्या दिवशी निघून आले.

बाबांना हे माहीत नाही. जमलं तर बघ, नाहीतर राहू दे.

ताई

*

७ मे

ताई,

राहू दे म्हणे. हे तुझं असंच. मिशीतले दाणे मोजून लिहितेस आणि स्टुलाची गोष्ट आठव्या महिन्यात, पत्राच्या तळाशी, जागा उरली म्हणून. मी ते दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर गाळाच्या वड्या कुटायला गेलो. मुकादम म्हणाला, आज काय झालंय तुला, चार दिवसांचं एका दिवसात कुटलंस. मी म्हटलं, चाकं लावलीत.

मला आता भाऊजींचं काय करावंसं वाटतं ते लिहीत नाही, बाबा पत्रं वाचतात. बाबा, हे वाचत असाल तर स्टुलाचं तुम्हालाही कळलं. बरं झालं. मला दोनदा लिहावं लागलं नाही. आणि तुम्ही जिथे गवंडीकाम केलंत त्या सगळ्या घरांना चांगली दारं लावलीत, मग आपल्याच घराला अडगळीतलं का? त्याला वाळवी आहे, मी लहानपणी त्यात पेन्सिल खुपसायचो, आरपार जायची. ते जाळा.

सुताराशी मी फोनवर बोललो. त्याने आधी भाव सांगितला, मग मी कोण ते विचारलं, मग भाव वाढवला. मी ओरडलो. तो म्हणाला, मिस्त्रींचा मुलगा ना, आवाजावरून कळलं. पाचशे कमी केले. फळीचं नको म्हटलंय, जाड लाकडाचं, आणि चौकट आधी आणून दे, म्हणजे बाबा भिंत चढवतानाच धरतील. त्याने विचारलं, कडी साधी देऊ का? मी म्हटलं, नाही. लोखंडी, विटेएवढी जाड, आतून. बाहेरून काही नाही, बाहेरून नुसतं लाकूड. तो म्हणाला, मग बाहेरून बंद कसं करणार? मी म्हटलं, ते कुणालाच करता यायला नको. त्याला समजलं नाही. त्याला समजायची गरज नाही.

पण ती कडी त्याच्याकडून नको, तू स्वतः दुकानात जाऊन घे, हाताला कशी लागते ते बघून. दोन-चार वेळा लावून-काढून बघ, दुकानदार वैतागला तर वैतागू दे. स्वस्तातली आणलीस तर मी रजा न मागता येईन.

रजेचं अजून काही होत नाही. आकडेबाई म्हणतात, हौदातल्या क्यूबवर तारखा टाकायला माणूस हवाय, अक्षर बरं असेल तर सांगते. माझं अक्षर तुला माहीत आहे. मी हो म्हटलंय.

पाठवतोय ते असं: दाराचे चार हजार आठशे, आणि कडीचे वेगळे सहाशे. एकूण पाच हजार चारशे.